गुडघ्यात ग्रीस भरून मिळतं का हो?

«ताई, मी गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. वय ६३. महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. उजवा गुडघा दोन वर्षं दुखतोय, डावाही आता त्याच्या मागोमाग निघालाय. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले ‘ग्रेड तीन’, आणि त्यांनी कॉर्टिझोनचं एक इंजेक्शन सुचवलं. दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणाले, स्टिरॉइड अजिबात नको, गुडघा खाऊन टाकतं. आमच्याकडे पीआरपीच्या तीन इंजेक्शनांचं पॅकेज आहे, ४५,००० रुपये. शेजारच्या वहिनींच्या बहिणीने बोरिवलीला गुडघ्यात ग्रीस भरून घेतलं, ती म्हणे आता देवळाच्या पायऱ्या चढते. मला डायबेटिस आहे, तीन महिन्यांची साखर ८.२ आली. गणपतीला दोन महिने राहिलेत. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो, पंचवीस पानं उठतात आणि मोदक मी खाली बसूनच करते. कोणतं इंजेक्शन घेऊ? की सरळ वाट्या बदलू? जाता जाता आणखी एक. मुलाचं कोपर दुखतं. रविवारी टेनिस बॉलने क्रिकेट खेळतो. एक इंजेक्शन झालं, महिनाभर बरं होतं, पुन्हा सुरू झालंय. दुसरं घेऊ दे का? नाव छापू नका.»

बाई,

शाळेत शिकवलेल्या माणसाला दुसरी कुठलीही हाक माझ्या तोंडून निघत नाही, त्यामुळे बाईच म्हणते. तुमच्या पत्रात तीन इंजेक्शनं, दोन गुडघे, एक कोपर आणि एक गणपती आहे. तुमचा गुडघा मी हातात घेऊन पाहिलेला नाही, हे आधी सांगून ठेवते. पण महापालिकेच्या रुग्णालयातल्या हाडांच्या ओपीडीत उमेदीची सगळी वर्षं गेली आणि हेच पत्र मी तिथे रोज तोंडी ऐकलं.

आधी ते ‘ग्रेड तीन’ मनातून काढा. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघा डॉक्टरांनी १९५७ मध्ये एक्स-रेवरून झीज मोजायची शून्य ते चार अशी पट्टी बसवली, ती अजून चालते. ती मोजते हाडांमधली जागा आणि कडेला वाढलेली टोकं. दुखणं ती मोजत नाही. चार नंबरचा गुडघा घेऊन दादरचा पूल रोज चढणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि दोन नंबरवर रडणाऱ्याही. प्रगतिपुस्तकावरून मूल कळत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार!

आता स्टिरॉइड, म्हणजे तुम्हाला सुचवलेलं ते कॉर्टिझोनच. या औषधाचं नाव काढलं की आपल्याकडे माणूस खुर्चीतून अर्धा उठतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताने आखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोन दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना त्यावर नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या हॉलंडर यांनी त्याच कुळातलं औषध थेट सांध्यात टोचायला सुरुवात केली, म्हणजे सगळ्या शरीराला न पाजता जिथे आग आहे तिथेच पाणी टाकायचं. आज तुम्हाला जे देतील ते बहुधा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन असेल, साधारण ४० मिलिग्रॅम.

ते करतं एवढंच, की सांध्याच्या आतलं अस्तर सुजून चिडलेलं असतं, त्याला शांत करतं. हाडांच्या टोकांवरची गादी, म्हणजे कूर्चा, झिजलेली असते, तिला ते हातही लावत नाही. आराम मिळतो तो चार-सहा आठवडे, एखाद्या नशीबवानाला तीन महिने. काहींना काहीच नाही. सोबत बहुधा भूल देणारं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे टेबलावरून उठल्या उठल्या बरं वाटतं आणि संध्याकाळी पुन्हा ठणकतं. त्या संध्याकाळी लोक फोन करतात, “डॉक्टर, इंजेक्शन फुकट गेलं.” गेलेलं नसतं. भूल उतरलेली असते, खरं औषध चढायला दोन ते सात दिवस लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं उलट वाढूही शकतं. बर्फ लावायचा आणि थांबायचं.

मग ‘गुडघा खाऊन टाकतं’ हे कुठून आलं? ते अगदी खोटं नाही. बॉस्टनच्या डॉक्टरांनी १४० रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना दर बारा आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी, असं दोन वर्षं. स्टिरॉइडवाल्यांची गादी सरासरी ०.२१ मिलिमीटरने झिजली, पाणीवाल्यांची ०.१० ने. आणि दोन वर्षांअखेर दुखण्यात दोघांत फरक नाही. म्हणजे दर तिमाहीला बिल भरावं तसं हे इंजेक्शन घेत राहणं मूर्खपणाचं. पण तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी एक सुचवलंय, आठ नव्हे. भीती आठांची दाखवायची आणि नकार एकाला द्यायचा, वर स्वतःच्या पॅकेजची किंमत सांगायची, हे मला काही पटलेलं नाही.

तुमच्या बाबतीत माझी खरी काळजी साखरेची आहे. सांध्यात टोचलेलं स्टिरॉइड थोडं रक्तात उतरतंच. पहिले दोन-तीन दिवस साखर चांगलीच चढते आणि पूर्ववत व्हायला आठवडाभर लागू शकतो. तीन महिन्यांची सरासरी ८.२ असताना घरच्या मशीनवर (तिची मोजपट्टी वेगळी) ३०० च्या पुढचे आकडे दिसले तर घाबरायला होईल. म्हणून आधी डायबेटिसच्या डॉक्टरांना भेटा, दोन महिने आहेत तर ती साखर थोडी खाली आणा, आणि इंजेक्शननंतर आठवडाभर घरच्या मशीनवर रोज साखर बघा. दोन्ही गुडघे एकाच दिवशी टोचू नका, डोस दुप्पट होतो. जास्त दुखरा उजवा आहे, त्याचंच बघा.

दिवस ठरवताना डोकं वापरायचं. गणपतीच्या आदल्या दिवशी घेतलंत तर आराम सुरू व्हायच्या आत विसर्जन होईल आणि साखर नेमकी मोदकांच्या वेळी आकाशाला भिडेल. साधारण तीन आठवडे आधी घ्या. आराम बसलेला असेल, साखर उतरलेली असेल, एखादा मोदक पोटात जाईल.

ग्रीसकडे येते. ओपीडीत दर तिसरी बाई सांगायची, “वंगण संपलंय हो डॉक्टर.” शब्द चुकीचा नाही. सांध्यातल्या पाण्याला जो बुळबुळीतपणा असतो तो हायलुरोनिक अॅसिडमुळे. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळं काढलं. झिजलेल्या गुडघ्यात ते पातळ होतं, म्हणून बाहेरून भरावं, ही कल्पना ऐकायला इतकी सरळ आहे की तिला नाही म्हणणं जड जातं. अडचण अशी, की भरलेलं ग्रीस तिथे टिकत नाही. शरीर काही दिवसांत ते मोडून टाकतं. २०२२ मध्ये जुन्या-नव्या चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फरक निघाला, पण रुग्णाला जाणवावा एवढा नाही. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक संस्था नाइस ते देऊच नका म्हणते. मी स्वतः हे इंजेक्शन पुष्कळांना दिलं, सुरुवातीला विश्वासाने, नंतर आग्रहाखातर, मग सोडलं. (श्रावण पाळणाऱ्यांसाठी एक माहिती: यातली काही औषधं कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात. एका आजींना दिल्यानंतर हे कळलं, तेव्हा त्यांनी गुडघ्यापेक्षा माझ्याकडेच जास्त वेळ रागाने पाहिलं.)

मग त्या बोरिवलीच्या बहिणी देवळाच्या पायऱ्या कशा चढतात? त्याचं उत्तर पीआरपीच्या गोष्टीत आहे.

पीआरपी म्हणजे तुमच्याच हातातून रक्त काढायचं, मशीनमध्ये गरगर फिरवायचं, प्लेटलेट जास्त असलेला पिवळसर थर वेगळा करून गुडघ्यात टोचायचा. प्लेटलेटमध्ये जखम भरायला मदत करणारी द्रव्यं असतात हे खरं. ‘तुमचंच रक्त, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य विकायला सोपं आहे हेही खरं. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये आली. झीज सौम्य ते मध्यम, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, अगदी तुमच्या पॅकेजसारखी. अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना सलाइन, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही. वर्षाने पाहिलं तर दहापैकी साधारण दोन गुणांनी दुखणं कमी झालं होतं. दोन्ही गटांत! गादीची झीजही सारखीच.

मिठाच्या पाण्याने दोन गुण उतरतात, बाई. कारण गुडघ्याचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस डॉक्टरकडे जातो भरतीला, नंतर ओहोटी येतेच. त्यात सुई गेली, पैसे गेले, कोणीतरी लक्ष दिलं, आशा वाटली. हे सगळं दुखण्यावर काम करतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वहिनींच्या बहिणीला खरंच बरं वाटतंय. ते ग्रीसमुळेच, एवढंच मी म्हणणार नाही.

पीआरपीच्या बाजूने निकाल देणाऱ्या लहान चाचण्याही आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी ते वेगळ्या रीतीने बनवतात, म्हणून डॉक्टरांमध्ये यावर अजून भांडणं चालू आहेत. पण भांडण मिटेपर्यंत निवृत्तिवेतनातले ४५,००० रुपये तुम्ही का द्यायचे? माझ्या मते देऊ नका.

पुढची पायरी म्हणून कोणी स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं इंजेक्शन सुचवतीलच. तिथे दोन प्रश्न विचारायचे. औषधाचं नाव काय आणि भारतीय औषध नियंत्रकांची मंजुरी नेमकी कोणत्या आजाराला आहे? ‘प्रयोग चाललाय’ असं उत्तर आलं तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागायचा, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून औषधाचे पैसे घ्यायचे नसतात हे लक्षात ठेवायचं. तेवढ्याने बरेच जण विषय बदलतात.

तर स्टिरॉइड घ्यायचं का? माझं उत्तर: एक घ्या, पण उसनवारीचा हिशोब समजून घ्या. ते चार-सहा आठवड्यांची शांतता देतं. त्या दिवसांत मांडीचे स्नायू कमावलेत तर पैसा वसूल. शांतता मिळाली म्हणून नुसत्या मोदकाच्या कळ्या पाडत बसलात तर दिवाळीला पुन्हा पत्र लिहाल.

हे मी अनुभवाने बोलते, माझ्याही मधुमेहाच्या अनुभवाने. पंचावन्नाव्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना, लोकलमध्ये कडी धरता येईना, रात्री कुशीवर वळलं की डोळ्यांत पाणी. सहकाऱ्याने सोनोग्राफीत बघून इंजेक्शन दिलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपले. इतकी खूश झाले की व्यायाम विसरले. दोन महिन्यांनी हात जिथल्या तिथे. रोज दुसऱ्यांना ओरडणारी मी, माझ्याच फिजिओथेरपिस्टची बोलणी खाली मान घालून ऐकत होते.

माझ्या बोलण्याला आकड्याचा आधार हवा असेल तर २०२० ची एक चाचणी आहे. अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांत गुडघा झिजलेल्या १५६ जणांपैकी निम्म्यांना स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षअखेर दुखणं आणि अडणं मोजलं. जितका आकडा मोठा तितका त्रास जास्त, अशी ती मोजणी. इंजेक्शनवाले ५५.८ वर, व्यायामवाले ३७ वर.

फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मशीनचे करंट नव्हेत. खुर्चीत बसून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, दहा वेळा. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबून पाच आकडे मोजायचे. आडवं होऊन पाय सरळ उचलायचा. कंटाळवाणं आहे, बाराएक आठवडे लागतात, आणि कोणी त्याची जाहिरात करत नाही. गिरगावातून हाजी अलीला बस जाते. तिथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५ पासून आहे. नायर आणि जे. जे.लाही फिजिओथेरपीचे विभाग आहेत. रांग असते, बसायला सोबत विणकाम न्या. दोन-चार वेळा नीट शिकून घेतलंत की पुढचं घरी.

जिन्याचंही सांगते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठडा कायम हातात. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. हे वजन म्हणजे पिशवीचंही. भाजीची पिशवी घेऊन तीन मजले चढू नका. चाळीत टोपली दोरीने सोडायची पद्धत होती ती काही वाईट नव्हती. गोळ्यांआधी डायक्लोफिनॅकचं मलम दिवसातून तीन-चारदा लावून बघा. डायबेटिसवाल्यांनी दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, मूत्रपिंडाला महाग पडतात.

आणि मोदक टेबलावर. याला माझ्याकडे पर्याय नाही. कुठलंही इंजेक्शन घ्या, तासभर मांडी घालून बसलात तर गुडघा सूड उगवेल. उकड टेबलावर मळली म्हणून गणपती रागावल्याचं ऐकलेलं नाही.

इंजेक्शन घ्यायला जाल तेव्हा औषधाचं नाव आणि डोस केसपेपरवर लिहून घ्या. ‘गुडघ्याचं इंजेक्शन’ एवढंच लिहिलेलं मी शेकडो कागदांवर पाहिलंय आणि पुढच्या डॉक्टरच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नसतो. गुडघ्यात पाणी झालं असेल तर आधी ते काढतील. गढूळ निघालं तर तपासायला पाठवतील आणि त्या दिवशी स्टिरॉइड देणार नाहीत, ते बरोबरच आहे. त्या दिवशी ताप असेल, गुडघा लाल किंवा गरम असेल, किंवा जवळ त्वचेवर जखम असेल तर तुम्हीच नको म्हणा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण मनाने बंद करू नका. नंतर दोन दिवस जिना कमी. दोन दिवसांनंतर सूज वाढत गेली, थंडी वाजून ताप आला, पाय टेकवेना, तर फोनवर विचारत बसायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. सांध्यात जंतू जाणं हजारोंतल्या एखाद्याला होतं, पण साखरेच्या माणसाने ते अंगावर काढू नये.

वाट्या बदलायचं आज नको. रात्रीची झोप मोडते, सपाट रस्त्यावरही चालवत नाही, आणि सहा महिने प्रामाणिक व्यायाम करूनही फरक नाही, असं झालं की तो विषय. तो जवळ आला असेल तर मात्र स्टिरॉइड घेऊ नका. इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांत किमान तीन महिने जावे लागतात, नाहीतर नव्या सांध्यात जंतू होण्याचा धोका वाढतो. गणपतीत इंजेक्शन आणि दसऱ्याला ऑपरेशन हा बेत कोणी मांडला तर हरकत घ्या.

राहिला मुलगा. मुंबईला टेनिस एल्बो हा शब्द २००४ मध्ये सचिनच्या कोपराने शिकवला. पुढच्या वर्षी लंडनला ऑपरेशन झालं तेव्हा अख्खं शहर कोपराबद्दल बोलत होतं. तुमच्या चिरंजीवांचं तेच दिसतंय, आणि त्यांना दुसरं इंजेक्शन देऊ नका. इथे स्टिरॉइडचा हिशोब उलटा आहे. ऑस्ट्रेलियात १६५ जणांवर केलेली चाचणी २०१३ मध्ये आली. स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं वर्षभरात परत आलं, पाण्याचं इंजेक्शन घेतलेल्यांत फक्त १२ टक्क्यांचं. पहिला महिना मस्त जातो आणि त्याच महिन्यात माणूस जोरात बॅट फिरवतो. शिवाय कोपराला औषध कातडीच्या अगदी खाली जातं, त्यामुळे तिथे खळगा पडतो किंवा पांढरा डाग उठतो. आपल्या सावळ्या हातावर तो लांबून दिसतो. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून मनगट सावकाश खाली सोडायचा व्यायाम त्याला फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यायला सांगा. वर्षभरात बहुतेकांचं आपोआप बरं होतं. तोवर बोलिंग-बॅटिंग बंद, स्कोअर लिहायला बसू दे.

त्याच्याकडे रविवार रिकामे झालेच आहेत, तर भाजीची टोपली वर ओढायचं काम त्याच्या चांगल्या हाताला द्या.